कुरडयांशेजारचा उत्प्रेरक

शेजारच्या वहिनींनी आज कुरडयांसाठी शिजवलेला चीक पाठवला. स्टीलच्या ताटलीत, वाफाळता, वर कच्च्या तेलाची धार. गव्हाचा चीक गरम असतानाच खायचा असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. किती गरम असताना, हे मात्र पन्नाशी जवळ आली तरी समजलेलं नाही. पहिल्याच घासाला जीभ पोळली आणि उरलेला चीक मी नुसत्या मऊपणावर खाल्ला. बायको मुलीला घेऊन पुण्याला माहेरी गेली आहे, त्यामुळे ही फजिती बघायला घरात कोणी नव्हतं. ताटली ओट्यावर ठेवली आणि पोळलेली जीभ टाळूला लावत गच्चीवर गेलो.

धुळ्यात या दिवसांत गच्चीवर गेलं की सगळ्या गल्लीचा संसार उताणा पडलेला दिसतो. जुन्या साड्या पसरलेल्या, त्यांच्यावर कुरडयांची पांढरी चाकं, कडेला पापड, कोपऱ्यात ज्वारीच्या बिबड्या. साडी उडू नये म्हणून चारी टोकांना विटा. ऊन इतकं की डोळ्यांना रंग वेगळे दिसत नाहीत, सगळंच पांढरट. मी त्या पांढऱ्यात काळ्या भुकटीची एक ताटली शोधत होतो. ती तिथे असण्याचं काही कारण नव्हतं. ती होती जळगावला, सतरा वर्षांपूर्वी, अक्काच्या गच्चीवर.

अक्का माझी सख्खी आत्या, आणि साऱ्या गल्लीची अक्का. मागच्या थंडीत गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा भाऊबंद डोळे पुसत होते आणि मी त्या राखेकडे बघत उभा होतो. मनात आलं, यात पोटॅश किती असेल. खोटं कशाला बोलू, अगदी हेच आलं. दुसरं काही येईल म्हणून थोडा वेळ थांबलो, आलं नाही. मग कोणीतरी हातात तांब्या दिला आणि मी सांगतील तिथे पाणी शिंपडलं.

पोटॅश का आठवलं, ते सांगायचं तर तो उन्हाळा सांगावा लागेल.

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होतो. तीन वर्षं झाली होती आणि होस्टेलची मेस उन्हाळ्यात बंद असायची, म्हणून अक्काकडे मुक्काम. माझं काम ऐकायला मोठं होतं. अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करायचं, तेही हवेतल्या ऑक्सिजनने. जुन्या पद्धतीत हे काम क्रोमियम करतं. चोख करतं, पण मागे विषारी गाळ ठेवतं, आणि तो गाळ असतो हिरवागार. हिरवं रसायनशास्त्र म्हणजे तो हिरवा गाळ बंद करणं, असं मी पाहुण्यांना सांगायचो आणि पाहुणे चहा मागायचे.

हवेतला ऑक्सिजन फुकट आणि निरुपद्रवी. अडचण एवढीच की तो जळगावातल्या दुपारच्या माणसासारखा आहे. सगळीकडे असतो, पण उठत नाही. त्याला उठवायला मध्ये कोणीतरी लागतं, तो उत्प्रेरक. माझा उत्प्रेरक म्हणजे केळीच्या खांबाचा कोळसा करून त्यावर बसवलेलं तांबं. घड कापल्यावर खांब शेतातच पडतो, कोणाला नको असतो. मी फैजपूरहून दोन खांब एस.टी.ने आणले होते. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, “सत्यनारायण कुठंशी आहे?” मी म्हणालो, प्रयोगशाळेत. त्याने हात जोडले. मी अंगात पांढरा शर्ट घालून गेलो होतो. केळीच्या पट्ट्यात लहान पोराला विचारा, बागेत जायचे कपडे वेगळे असतात, कारण केळीचा रस कपड्याला लागला की हवेने तपकिरी होतो आणि तो डाग कपड्याबरोबरच जातो. तेही ऑक्सिडीकरणच. केळीतला एक पदार्थ, त्याच्या पोटात तांबं, आणि हवेतला ऑक्सिजन. जे मला तीन वर्षांत जमत नव्हतं ते त्या खांबाने जळगावची गाडी सुटायच्या आत माझ्या शर्टावर करून दाखवलं. अक्काने शर्ट साबणाने घासला, लिंबाने घासला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हाऊ डाग तुन्या बायकोलेबी दिसी.” दिसला. लग्नानंतर तिने त्या शर्टाचं पोतेरं केलं.

हवा सोडायला फिश टँकचा पंप लागत होता. तो घेतला इक्बालभाईंकडून. इक्बालभाई काचेच्या टाक्या बनवायचे, उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करायचे आणि बारा महिने चौकशा करायचे.

“मच्छी किती आहे टाकीत?”

“मासे नाहीत.”

“मग हवा कोणाला देता?”

“बाटलीला.”

त्यांनी पंप कागदात गुंडाळला आणि म्हणाले, “प्रोफेसर, बाटली मरून गेली तर परत आणा. गॅरंटी आहे.”

बाटली मेली नाही. अभिक्रिया जमली की कडू बदामाचा वास सुटायचा, स्वस्त कुल्फीत असतो तोच. बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं मान वळवून बघायची. तीन वर्षांत मला कोणी मान वळवून बघितलं असेल तर ते त्या वासामुळे.

पण एकदा जमून उपयोग नव्हता. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, जूनअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला तर गेला. नाही गेला तर नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, नवी मनधरणी. सरांची अट एकच होती. “एकदा चालतो तो योगायोग,” ते म्हणाले, “तोच उत्प्रेरक गाळ, धू, वाळव, परत वापर. दहादा चालला तर मी सही करतो.” टिकाऊपणा हाच तर प्रबंधाचा विषय होता. एका दमात संपणारा उत्प्रेरक हिरवा कसला, तोही कचराच.

वाळवायचा ओव्हन दुरुस्तीला गेला होता, तो गेलाच. मी म्हटलं, सर, आपल्याकडे ऊन आहे. सर खूश झाले. वीज नाही, खर्च नाही, हिरव्याहून हिरवं. आणि असा माझा उत्प्रेरक, पाच ग्रॅम काळी भुकटी, अक्काच्या गच्चीवर कुरडयांच्या शेजारी एका स्टीलच्या ताटलीत वाळायला लागला. वर अक्काच्या जुन्या साडीचा तुकडा.

“हाई काय शे?” अक्काने पहिल्या दिवशी विचारलं.

“औषध,” मी म्हणालो. समजावून सांगायचा कंटाळा. माझ्या बऱ्याच चुका या कंटाळ्यातून निघाल्या आहेत.

“कोनले देतस?”

“बाटलीला.”

तिने इक्बालभाईंसारखं काही विचारलं नाही. गल्लीतल्या पाच घरांच्या कुरडया तिच्याच देखरेखीखाली व्हायच्या. गच्चीच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल, तिच्यावर मोठं पातेलं, खाली कपाशीच्या पऱ्हाट्या आणि केळीची वाळकी पानं. ती लाकडी दांड्याने चीक हाटायची आणि मला कावळे हाकायला बसवायची. पुढे डॉक्टर होणाऱ्या माणसाला कावळे हाकायला बसवू नये, असं तिला वाटायचं नाही. मलाही त्या उन्हाळ्यात काहीच वाटायचं नाही. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी गच्ची, कूलरसमोर डुलकी, परत प्रयोगशाळा. ऊन डोक्यात भरलं की माणूस आशा किंवा निराशा यांतलं काहीच करू शकत नाही. फक्त पाणी पितो.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं अल्कोहोल बदललं. दुसरीत थोडं कमी, तिसरीत आणखी कमी, चौथीत अर्ध्यावर आलं. उत्प्रेरक मरत होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो आणि शेवटी होता तसा बाहेर येतो. ज्याने हे लिहिलं त्याने कधी ताटली धुतलेली नसावी. प्रत्येक फेरीत त्याचं काहीतरी जातं. तांब्याचा कण पाण्याबरोबर जातो, छिद्रं बुजतात, चिमूटभर गाळणीच्या कागदाला चिकटून राहते. बाहेरून काळा तो काळाच दिसतो. आत काय उरलंय ते दिसत नाही.

आणि मग पाचव्या फेरीत तो उठला. बदामाचा वास असा सुटला की सर स्वतः खोलीत आले. सहावी तशीच. सातवीला तर मी पेढे वाटले. सर पेढा खाता खाता म्हणाले, “तुझा उत्प्रेरक म्हातारपणी तरुण होतोय. मला जरा पत्ता दे त्याच्या वैद्याचा.” सगळे हसले. मीही हसलो. पत्ता मला तेव्हा माहीत नव्हता, पण त्या पत्त्यावर मी रोज जेवत होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दहावी फेरी झाली. प्रबंध टंकलेखनाला निम्मा गेलेला. सर म्हणाले, “शेवटचं एकदा वजन कर. माझ्यासमोर.”

इथे मला एक कबुली द्यायची आहे. प्रत्येक फेरीनंतर उत्प्रेरक वाळवून त्याचं वजन करायचं असतं. तराजू दुसऱ्या विभागात होता, किल्ली तिसऱ्या माणसाकडे, आणि तो माणूस दुपारी सापडायचा नाही. म्हणून मी नोंदवहीत दर फेरीला साधारण शोभेल असं वजन लिहीत गेलो. दरवेळी थोडं थोडं कमी, दिसायला प्रामाणिक.

सरांनी स्वतः किल्ली मिळवली. ताटलीतली भुकटी तराजूवर गेली. नऊ ग्रॅमच्या वर.

सरांनी आकडा दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “पाच घातले होतेस ना?”

“हो सर.”

“अरे, मग हा पोटुशी आहे का?”

मी घरी आलो. अक्का ओसरीत बसून कुरडया डब्यात भरत होती, एकेक, न मोडता. मी विचारलं, माझ्या ताटलीत काही टाकलंस का.

ती लपवायला गेली नाही. कुरडई डब्यात ठेवून म्हणाली, “दुपारले वावटळ उनी. तू झोपेल व्हता. ताटली पालथी पडेल व्हती, बठ्ठं उडी गयं. मी झाडूवरी सावडं तेवढं सावडं. अर्धंबी नही निंघनं.”

“मग?”

“मंग काय. रितं भांडं ठेवतस का?”

खानदेशात, आणि खानदेशातच कशाला, आपल्याकडे शेजारच्या घरून काही आलं की भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. अक्काच्या लेखी ती ताटली माझी होती, तिच्या गच्चीवर आलेली, आणि तिच्या हातून अर्धी रिकामी झालेली. ती तशी परत देणं तिला शक्य नव्हतं.

“काय टाकलंस?”

“चूलनी राख, आन कोळसानी भुकटी. बारीक, चाळीसन. काळं ते काळं.” मग माझं तोंड बघून जरा दमाने म्हणाली, “नंतर रोज कमी दिसे, म्हनीसन रोज चिमूटभर टाकत गऊ. बिघडनं का काही?”

बिघडलं काय, सुधारलं होतं. राखेत खार असतो, तेच ते पोटॅश, आपल्या पापडखाराचा भाऊच. हवेने होणाऱ्या या ऑक्सिडीकरणाला खार मिळाला की ते जोरात चालतं. उरल्यासुरल्या तांब्याला अक्काची राख ढकलत होती, आणि मी पेढे वाटत होतो.

मला ओरडावंसं वाटलं नाही. रडावंसंही वाटलं नाही. हातपाय झोपेत आखडतात तसं आतून काहीतरी झालं होतं. अक्का म्हणाली, “जेवण करी ले,” मी जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, तळलेली ताजी कुरडई. मीठ बरोबर होतं. मी म्हणालो, “काही बिघडलं नाही गं. तुझ्या राखेनं काम झालं.” अर्धं खरं होतं. ती परत कुरडया भरू लागली.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. ते म्हणाले, “ताटली गच्चीवर होती, वावटळ आली, हे मला ठाऊक नाही असं मी धरू शकतो. तुला धरता येईल का?”

मी तत्त्वाचा माणूस होतो म्हणून नाही म्हणालो, असं कोणी समजू नये. मला भीती वाटली की तोंडी परीक्षेत कोणीतरी वजन विचारेल, आणि मला पोटुशी हा शब्द आठवून हसू येईल. प्रबंध गेला नाही. सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मी हार आणायला गेलो आणि वाहतुकीत अडकलो. पोचलो तेव्हा सर रिक्षात बसत होते. हार रिक्षातच त्यांच्या मांडीवर ठेवला. ते म्हणाले, “वजन केलंस का याचं?”

नव्या मार्गदर्शकांबरोबर आणखी दोन वर्षं गेली. राख वेगळी तपासली. नुसत्या राखेने काहीच होत नव्हतं. तांबं आणि राख मिळून चांगलं चालायचं, पण दर फेरीला राख नव्याने घालावी लागायची आणि सहा फेऱ्यांनंतर तांबंच संपायचं. प्रबंधात मी हेच लिहिलं. टिकाऊ उत्प्रेरक वगैरे काही मला सापडला नाही. तोपर्यंत लागणारी नोकरी दुसऱ्याला लागली होती. मला पुढे धुळ्यात लागली. अक्काला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला एवढंच माहीत होतं की मी डॉक्टर झालो आणि तिच्या राखेनं काम झालं. निदान मी तसं समजत होतो.

मी धुळ्यात आलो त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात, जळगावहून कोणी येणारं असलं की, कुरडयांच्या डब्याबरोबर एक बरणी यायची. चिनी मातीची, तपकिरी झाकणाची. आत कुरडयांच्या चुलीतली राख, वस्त्रगाळ केलेली, तोंडापर्यंत भरलेली. एकदा ती एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आली आणि नवरदेवाच्या मावशीने ती मशेरी समजून उघडली. मी हसायचो. बायकोही हसायची. राख मी प्रयोगशाळेतल्या डब्यात ओतायचो, मुलांना दाखवायला वगैरे कामी येते, आणि बरणी पुढच्या जाणाऱ्याच्या हाती परत पाठवायचो.

अक्का गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर, इक्बालभाई आले होते. आता केस पांढरे झालेत. कूलर दुरुस्तीच्या निमित्ताने अक्काच्या घरी त्यांचं इतकी वर्षं जाणं-येणं. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. चहा आला.

“प्रोफेसर,” ते म्हणाले, “एक गोष्ट तुम्हाला बोलायची राहिली. तुमचं ते काम फेल गेलं ना, दोन साल गेले, ते अक्कांना मीच बोललो होतो. तेव्हाच. कूलरची मोटर बसवत होतो, त्यांनी विचारलं पोराचं पेपर झालं का, मी बोलून गेलो. तुम्ही मला दुकानावर सांगितलं होतं, मला काय माहीत त्यांना सांगायचं नव्हतं.”

“काय म्हणाली?”

“हातातला डबा खाली ठेवला. मग बोलल्या, त्याले सांगू नको, माले माहीत शे म्हनीसन.” त्यांनी कप खाली ठेवला. “मग त्या साली बरणी आणायला मलाच पाठवलं. बोलल्या, झाकण पक्कं असलेली आण.”

मी चहा प्यालो. साखर कमी होती. इक्बालभाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि कूलरवाल्याच्या सवयीने जाता जाता ओसरीतल्या बंद कूलरची पट्टी हलवून बघितली, घट्ट आहे का.

म्हणजे ती चौदा वर्षं ताटली भरत होती. एकदा अर्धी राहिलेली. आणि मी दर वर्षी तिची बरणी रिकामी परत पाठवत होतो. धुऊन, स्वच्छ, झाकण लावून. बायकोने एकदोनदा म्हटलंही होतं, साखर तरी घाला. मी म्हणालो होतो, प्रवासात सांडेल. साखर काय, दुसरं काहीही घालता आलं असतं. मला सुचलं नाही. माझ्या सगळ्या चुका मी आजवर चारचौघांत रंगवून सांगितल्या आहेत, वजनाची, हाराची, शर्टाची. ही सांगायला गेलो की मध्येच थांबतो. हिच्यात हसण्याची जागा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

गच्चीवरून खाली आलो. मागच्या उन्हाळ्यात आलेली बरणी स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर आहे, तोंडापर्यंत भरलेली. या वेळी ती डब्यात ओतायची राहून गेली होती, नेहमीचाच कंटाळा. आता कुठे परत पाठवायची नाही, म्हणून रिकामीही करवत नाही. तिच्याकडे बघितलं. जीभ अजून पोळलेलीच होती, आणि आतही तसंच काहीतरी.

मग ओट्यावरची वहिनींची ताटली घासली, पुसली. साखरेचा डबा कुठे असतो ते मला माहीत नाही. तीन डबे उघडले, एकात रवा, एकात मेथ्या, तिसऱ्यात शेंगदाणे निघाले. शेंगदाणे तव्यावर भाजले. थोडे करपले. ओंजळभर ताटलीत घातले आणि शेजारचं दार वाजवलं.

वहिनी बाहेर आल्या, हाताला चीक लागलेला. ताटलीत बघून म्हणाल्या, “अहो भाऊ, हे कशाला? वहिनी घरी नाहीत, तुम्ही कुठे हे करत बसलात. रिकामी दिली असती तरी चाललं असतं.”

“हो,” मी म्हणालो. “चौदा वर्षं चाललं.”